यूसीई ३५० ओव्हरहॉल करू, जे-सिरीज घेऊ की थेट लिक्विड-कूल्ड? (रोज फोंडा–पणजी, सुट्टीला घाट)

फोंडेकर_३५० (फोंडा):

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, यूसीई इंजिन (युनिट कन्स्ट्रक्शन, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत), कार्बोरेटरवाली. आठवड्यातले सहा दिवस फोंडा–पणजी, एका बाजूला साधारण तीस किलोमीटर. फर्मागुडीचा चढउतार, कुंडई-भोमपर्यंत ट्रकांच्या मागे, बाणस्तारीनंतर रस्ता मोकळा आणि पणजीत शिरताना पुन्हा रांग. रविवारी चोर्ला नाहीतर अनमोड घाट, बहुतेकदा डबलसीट.

सध्या सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, पाच-दहा सेकंदांत थांबतो. इंजिन गरम होईपर्यंत डोक्यातून टिकटिक. हजार किलोमीटरला शंभर-सव्वाशे मिली ऑइल वर घालावं लागतं. चढावर पिकअप पूर्वीसारखा वाटत नाही.

पर्याय तीन: हेच इंजिन उघडून नीट करून घेणं, कंपनीच्या नव्या एअर-कूल्ड जे-सिरीज इंजिनाची क्लासिक किंवा लिक्विड-कूल्ड हिमालयन ४५०. गॅरेजात विचारलं की दोन तट पडतात. एक म्हणतो, हवेवर थंड होतं तेच खरं इंजिन, रेडिएटर म्हणजे वाढीव दुखणं. दुसरा म्हणतो, २०२० नंतर एअर-कूल्ड घेणं म्हणजे जुनाट माल घेणं. मला गोव्याच्या हवेत, रस्त्यात आणि पावसात काय टिकतं ते जाणकारांकडून ऐकायचं आहे.

फिलर_गेज (डिचोली):

दादा, तुमच्या तीन पर्यायांतला पहिला ठरवण्याआधी इंजिन उघडू नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून ओव्हरहॉलची गरज सिद्ध होत नाही.

धूर फक्त पहिल्या स्टार्टला येतो आणि थांबतो, म्हणजे संशय व्हॉल्व स्टेम सीलवर (व्हॉल्वच्या दांड्याभोवती ऑइल अडवणारं सील). रात्रभर हेडमधलं ऑइल व्हॉल्व गाइडमधून थेंबथेंब खाली उतरतं आणि सकाळी जळतं. पिस्टनच्या रिंग गेलेल्या असत्या तर चढावर लोड दिल्यावर सतत धूर दिसला असता. व्हॉल्व सील बदलायला हेड काढावं लागतं, पण ब्लॉक आणि क्रँकला हात लावावा लागत नाही. खर्चात आणि वेळेत फार फरक पडतो. हजार किलोमीटरला शंभर-सव्वाशे मिली ऑइल या वयाच्या इंजिनाला चालण्यासारखं आहे, फक्त लेव्हल दर आठवड्याला बघा.

टिकटिकीबद्दल. यूसीईला हायड्रॉलिक टॅपेट आहेत, म्हणजे ऑइलच्या दाबाने व्हॉल्वची फट आपोआप भरून काढणारे. रात्रभर उभ्या गाडीत टॅपेटमधलं ऑइल थोडं उतरतं, स्टार्ट केल्यावर ते भरेपर्यंत आवाज येतो. अर्ध्या-एका मिनिटात थांबला तर काळजी नको. इंजिन पूर्ण तापल्यावरही राहिला तर क्रमाने बघायचं: ऑइलची लेव्हल, ऑइलचा ग्रेड, फिल्टर, आणि शेवटी टॅपेट. ग्रेड १५डब्ल्यू-५०, त्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाइकच्या ऑइलचं मानक) लिहिलेलं असलं पाहिजे. कारचं ऑइल स्वस्त मिळालं म्हणून घातलं की त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी क्लच प्लेट घसरायला लागतात, कारण आपल्याकडे क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. आणि १०डब्ल्यू-३० सारखं पातळ ऑइल या इंजिनात मे महिन्यात घालू नका. एअर-कूल्ड इंजिनात ऑइलचं तापमान बरंच वर जातं, पातळ ऑइलचा दाब तिथे पडतो.

पिकअपचं कारण कळायला टेस्ट करा. साधी कम्प्रेशन टेस्ट या इंजिनावर फसवते. यूसीईच्या एक्झॉस्ट कॅमवर ऑटो-डिकम्प्रेसर आहे, सेल्फवर फिरवताना तो दाब मुद्दाम सोडतो, त्यामुळे गेज कमी दाखवतो आणि चांगलं इंजिन उघडलं जातं. लीक-डाउन टेस्ट करून घ्या. प्लगच्या जागेतून हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. कार्बोरेटरकडून आली तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग.

आणि हे सगळं करायच्या आधी एअर फिल्टर, क्लच केबलचा फ्री प्ले, मागच्या ब्रेकची पकड. मागचं चाक स्टँडवर हाताने फिरवून बघा. पावसाळ्यानंतर लाल माती बसून ड्रम ब्रेकचे शू चिकटतात आणि दोष इंजिनाच्या माथी जातो.

स्ट्रोक_आणि_बोअर (मडगाव):

इंजिनाच्या प्रकृतीवर लिहितो, कारण या वादात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात.

ज्याला आपण जुन्या बुलेटचा स्वभाव म्हणतो, म्हणजे कमी आरपीएमला ओढ, जड फ्लायव्हील, संथ ठोका, तो फिन्समुळे (सिलिंडरवरच्या थंड करणाऱ्या पात्यांमुळे) येत नाही. तो लांब स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली पल्ला), कमी कम्प्रेशन आणि फिरणाऱ्या वजनामुळे येतो. थंड कसं करायचं हा त्यानंतरचा, वेगळा निर्णय. ट्रायम्फने २०१६ च्या बॉनव्हिलला रेडिएटर दिला, तो फ्रेमच्या दोन नळ्यांमध्ये अरुंद बसवला आणि सिलिंडरवर फिन्स तशाच ठेवल्या. २०१८ ची जावा लिक्विड-कूल्ड आहे, तिलाही फिन्स आहेत. बीएमडब्ल्यूने २०१३ च्या आर १२०० जीएसला हेडभोवती पाणी खेळवलं आणि सिलिंडरला हवेचा भागही ठेवला. म्हणून नुसत्या फिन्स बघून आत काय आहे ते ठरवू नये.

आता आकडे.

यूसीई ३५०: ३४६ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, १९.८ बीएचपी ५२५० आरपीएमला, २८ एनएम ४००० ला. पुशरॉड (खालच्या कॅमवरून व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्या), दोन व्हॉल्व.

जे-सिरीज: ३४९ सीसी, ७२ बाय ८५.८ मिमी, २०.२ बीएचपी ६१०० ला, २७ एनएम ४००० ला. कॅम वर हेडमध्ये गेला, व्हॉल्व दोनच राहिले, आणि बॅलन्सर शाफ्ट आला. मेटिअरमधून हे इंजिन २०२० च्या नोव्हेंबरात आलं, क्लासिकमध्ये २०२१ ला, बुलेटमध्ये २०२३ ला.

हिमालयन ४५०: ४५२ सीसी, ८४ बाय ८१.५ मिमी, साधारण ३९.५ बीएचपी ८००० ला, ४० एनएम ५५०० ला. चार व्हॉल्व, दोन कॅम, कम्प्रेशन ११.५:१, लिक्विड-कूल्ड.

एका लिटरमागे ताकद काढा. यूसीई ५७ बीएचपी, जे-सिरीज ५८, हिमालयन ४५० मात्र ८७. उत्तर इथेच मिळतं. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकापर्यंत जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून, आणि उरलेली सिलिंडर-हेडमधून बाहेर काढावी लागते. लिटरला ५८ बीएचपीवर निघणारी उष्णता फिन्स आणि ऑइल मिळून बाहेर टाकू शकतात. ८७ वर, ११.५ कम्प्रेशनला, एक्झॉस्ट व्हॉल्वजवळचा हेडचा भाग इतका तापतो की पाण्याशिवाय नॉकिंग (मिश्रणाचा आपोआप होणारा भडका) आवरत नाही. म्हणून जे-सिरीज एअर-ऑइल कूल्ड राहिली ती जुन्या आठवणींसाठी नव्हे. तिला रेडिएटरची गरजच पडली नाही.

यावरून हेही लक्षात घ्या की जे-सिरीज म्हणजे जुनं इंजिन नाही. ते संपूर्ण नवीन डिझाइन आहे, फक्त थंड करायची पद्धत जुनी आहे. गॅरेजातले दोन्ही तट हा भाग सोडून बोलतात.

कंपन्या लिक्विडकडे का जातात? प्रदूषणाच्या नियमांमुळे तापमान ठरावीक ठेवावं लागतं. थर्मोस्टॅट इंजिन लवकर तापवतो आणि मग एका अरुंद पट्ट्यात धरून ठेवतो. तापमान स्थिर, म्हणून पिस्टन आणि बोअरमधली फट कमी ठेवता येते, म्हणून ऑइल कमी जळतं. शिवाय पाण्याचं आवरण यांत्रिक आवाज दाबतं. एअर-कूल्ड इंजिनात सकाळच्या थंडीपासून रांगेतल्या तापेपर्यंत फार मोठा पल्ला सांभाळावा लागतो, म्हणून फट मोठी, म्हणून थंड इंजिनाचा खडखडाट जास्त.

पेडणे_ते_पोळे (पेडणे):

वरचं गणित पटतं. मी लिक्विड-कूल्डच्या देखभालीवर लिहिते, कारण गोव्यात रेडिएटर घेणाऱ्यांना हा भाग शोरूममध्ये सांगितला जात नाही.

रेडिएटरचा पहिला शत्रू आपली लाल माती. पावसाळ्यात पुढच्या चाकावरून उडालेला चिखल जाळीत बसतो, ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखा वाळतो आणि हवा अडते. इंजिन थंड असताना मागच्या बाजूने पुढच्या बाजूकडे कमी दाबाचं पाणी सोडा, म्हणजे माती आली त्या वाटेने बाहेर जाते. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशर गनने मारलं तर पातळ पाती आडवी होतात आणि तेवढी जागा कायमची बंद होते. आडवी झालेली पाती प्लॅस्टिकच्या बोथट पट्टीने हळूच सरळ करता येतात.

दुसरा शत्रू खारी हवा. मोरजी, मांद्रे, केरीच्या बाजूला किनाऱ्यालगत गाडी उभी राहत असेल तर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा. रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो, मीठ बसलं की पांढरी भुकटी धरते. फॅनचं कनेक्टर आणि अर्थिंगचा बोल्ट काढून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. रांगेत गाडी तापली तर बहुतेक वेळा कारण एवढंच असतं: फ्यूज किंवा कनेक्टर गेलेला आणि फॅन बंद. फॅन साधारण १०० अंशांच्या आसपास सुरू व्हायला हवा. सावलीत उभी करून इंजिन चालू ठेवा आणि मीटरवरचं तापमान वर जाताना फॅनचा आवाज येतो का ऐका. डिसेंबरअखेर कळंगुट-बागाच्या गर्दीत अडकण्याआधी ही तपासणी घरी झालेली बरी.

कूलंट: तयार मिश्रण घ्या, किंवा कॉन्सन्ट्रेट घेतलं तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं किंवा नळाचं पाणी नको. क्षार आत थर धरतात आणि गंजरोधक द्रव्य लवकर संपतं. आणीबाणीला घातलंच, तर घरी आल्यावर पूर्ण काढून नवं भरा. बदलायची मुदत मॅन्युअलमध्ये असते, गाडी कमी चालली तरी ती वर्षांवर मोजायची.

वॉटर पंपाखाली एक बारीक छिद्र असतं. तिथून कूलंटचा ओघळ दिसला तर पंपाचं सील जातंय असं समजा. ते छिद्र सीलंटने बुजवणारे महाभाग आहेत. तसं केलं की कूलंट बाहेर न येता बेअरिंगकडे किंवा ऑइलमध्ये जातं. ऑइल दुधी चहासारखं दिसलं की गाडी तिथेच बंद करायची. गरम इंजिनाचं रेडिएटर कॅप उघडायचं नाही, हे मागे बसणाऱ्यालाही सांगून ठेवा.

एवढं केलं तर लिक्विड-कूल्ड गोव्यात उत्तम चालते. अनमोडला ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, डबलसीट, भर दुपारी, ही एअर-कूल्डची सर्वांत अवघड वेळ: लोड पूर्ण, वेग पंधरा-वीसचा, फिन्सना वारा नाही. तिथे फॅन असलेली गाडी निवांत असते. वजनात फरकही नाही, हिमालयन ४५० १९६ किलो आणि नवीन क्लासिक १९५. पण ४० एनएम ५५०० ला मिळतात. रोज पणजीच्या रांगेत दोन-तीन हजार आरपीएमवर चालवणाऱ्याला त्या इंजिनाचा अर्धा भाग वापरायलाच मिळणार नाही.

लोखंडी_ब्लॉक (साखळी):

जुन्या बुलेटच्या लोखंडी इंजिनाची बाजू कुणीतरी नीट मांडायला हवी.

त्याची ताकद कमी होती आणि मजबुती त्यातच होती. ब्लॉक लोखंडाचा, गिअरबॉक्स वेगळा, गिअर उजव्या पायाला. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू लोखंडाच्या सुमारे तिप्पट उष्णता वाहतो, त्यामुळे लोखंडी ब्लॉक उशिरा थंड होतो हे खरं. पण कम्प्रेशन इतकं कमी की नॉकिंगपर्यंत गोष्ट जातच नाही. जे काही बिघडतं ते रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त होतं.

टॅपेट लावायची पद्धत सांगतो, कारण नवीन पोरं फिलर गेज घेऊन बसतात. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कम्प्रेशनच्या टीडीसीवर (सर्वांत वरच्या स्थितीत), दोन्ही व्हॉल्व बंद. टॅपेटचं झाकण काढा. पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवा: मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. लॉकनट आवळताना ॲडजस्टर सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघायचं. इग्निशनच्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. पॉइंटवर काळा डाग आणि खड्डा वारंवार पडत असेल तर पॉइंट घासत बसू नका, कंडेन्सर बदला.

किक मारताना अँमीटरकडे बघायचं. किक हळू दाबत काटा मध्यावर येईपर्यंत जायचं, तिथे डिकम्प्रेसर ओढून पिस्टन टीडीसीच्या किंचित पुढे न्यायचा, डिकम्प्रेसर सोडायचा, किक पूर्ण वर घ्यायची आणि मग एकाच दमात खालपर्यंत. अर्धवट किक मारली की उलटा झटका घोट्याला बसतो.

फोंड्याच्या भाऊंना रोजच्या साठ किलोमीटरसाठी लोखंडी इंजिन घ्या असं मी म्हणणार नाही. मात्र त्यांच्या यूसीईत हाच स्वभाव शिल्लक आहे, तोच ७० बाय ९० चा बोअर-स्ट्रोक. वाचवता आलं तर वाचवा. एक सांभाळा: बॅटरी कमजोर असताना सेल्फ मारत राहू नका. इंजिन उलट झटका देतं आणि स्टार्टरचा स्प्रॅग क्लच (एकाच दिशेने पकडणारा) जातो. तो बदलायला डाव्या बाजूचं कव्हर उघडावं लागतं. बॅटरी संशयास्पद असेल तर किक आहे, ती वापरा.

म्हापसा_रायडर (म्हापसा):

ई२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, मुद्दा सुटला. कार्बोरेटरवाल्या यूसीईसाठी तो आधी बघावा.

इथेनॉलला जळायला हवा कमी लागते आणि त्यात ऊर्जाही कमी. ई२० मध्ये मूळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो तेवढंच पेट्रोल देतो, मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, इंजिन जास्त तापतं आणि पिकअप उतरतो. तुमच्या चढावरच्या तक्रारीत याचा वाटा असण्याची दाट शक्यता आहे. प्लग काढून बघा. पांढरट असेल तर लीन. मेन जेट एक नंबर मोठा घालून, मिक्स्चर स्क्रू पाव फेरा बाहेर घेऊन पुन्हा प्लग बघा. हलका तपकिरी रंग आला की थांबा. प्लग बघायचा तो चढावर जोरात चालवून, क्लच धरून, तिथेच इंजिन बंद करून. आयडलवर चालवून आणलेला प्लग नेहमी काळाच दिसतो.

जुने रबर पाइप, फ्लोट बाउलची ओ-रिंग आणि पेट्रोल कॉकचे वॉशर इथेनॉलने फुगतात, कडक होतात. तिन्ही बदला, स्वस्त आहेत. जून ते सप्टेंबर गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे दमट हवेला जागा उरत नाही, आणि कॉक बंद करून फ्लोट बाउल खालच्या स्क्रूने रिकामा करा. इथेनॉल पाणी ओढतो. ते ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि कार्बोरेटरला तळातलंच जातं.

फोंडेकर_३५० (फोंडा):

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी जेट, पाइप, ब्रेक शू, मग लीक-डाउन, आणि गरज पडली तरच व्हॉल्व सील, असा क्रम धरतो. दोन शंका. लीक-डाउनला हवा किती दाबाने आणि आकडा किती आला की इंजिन उघडायचं? आणि उघडावंच लागलं आणि त्याऐवजी जे-सिरीज घेतली, तर तिथे देखभालीत काय बदलतं?

फिलर_गेज (डिचोली):

हवा साधारण ७ बार, म्हणजे १०० पीएसआय. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चालतो, पण दोन घड्याळांचा लीक-डाउन गेज हवा. इंजिन तापवून घ्या, दोन्ही प्लग काढा, एका जागेत ॲडाप्टर लावा आणि दुसरीत प्लग परत बसवा, नाहीतर हवा तिथूनच जाईल. पिस्टन टीडीसीवर आणून गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि कुणालातरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा, कारण हवा सोडताच पिस्टन खाली ढकलला जातो. सायलेन्सरमधून भसकन हवा आली तर व्हॉल्वला दोष देण्याआधी टीडीसी पुन्हा तपासा. पिस्टन दोनदा वर येतो, त्यातल्या एकाच वेळी दोन्ही व्हॉल्व बंद असतात. दहा टक्क्यांच्या आत गळती म्हणजे इंजिन चांगलं. वीसच्या पुढे गेली तर कुठून येते ते ऐकून तेवढाच भाग उघडा.

जे-सिरीजला हायड्रॉलिक टॅपेट नाहीत. म्हणून टॅपेट गॅप मॅन्युअलच्या मुदतीत, थंड इंजिनावर, तपासून घ्यावा लागतो. गॅप कमी झाला तर आवाज वाढत नाही, उलट इंजिन शांत होतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो, म्हणून आवाजाच्या भरवशावर राहू नका. कंपनीच्या वेळापत्रकात ऑइल बदल १०,००० किलोमीटरला आहे. तुमच्या रांगा आणि घाट धरून तो ५,००० ला करा, फिल्टरसकट. बाहेर ऑइल कूलर नसल्यामुळे उष्णतेचा बराच भार त्या ऑइलवरच असतो. फिन्समधली माती नायलॉनच्या ब्रशने, इंजिन थंड असताना काढा. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतू नका.

लीक-डाउनचा आकडा आला की इथे टाका, त्यावरून पुढचं बघू.